जड फांदी साल न फाटता कशी उतरवली

सोसायटीतल्या पर्जन्यवृक्षाची मांडीएवढी फांदी पार्किंगवर ओणवली होती. शेजारची फांदी पूर्वी कोणीतरी वरून थेट तोडलेली. पडताना तिने खोडाची हातभर साल ओढून नेली, तिथं आता ढोली पडतेय. फार वाईट वाटतं बघून.

वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आली, तेव्हाच हेल्मेट-हार्नेस चढवून कामाला लागलो. खालची जागा मोकळी केली, फांदी वरच्या बेचक्यातून दोराने बांधली. पहिला काप खालून, खोडापासून फूट-दीड फुटावर, पाव जाडीपर्यंत. दुसरा वरून, किंचित पुढे. फांदी तिथेच मोडली, साल शाबूत. उरलेला खुंट बुडाशी असलेल्या सुरकुतलेल्या, फुगीर वळीच्या लगेच बाहेरून कापला. ही वळी जपायचीच, कारण जखम झाकणारी नवी साल तिथूनच वाढते. खोडालगत सपाट कापलं की वळीही जाते.

सेक्रेटरीकाका डांबर फासा म्हणत होते. मी नको म्हटलं. डांबराने कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडते. पावसाळा सरल्यावर कापाभोवती नव्या सालीचं कडं दिसू लागलंय. जुन्या ढोलीजवळचं लाकूड मात्र हातोडीने ठोकून बघत राहतो. पोकळ आवाज वाढला तर वरचा भार हलका करावा लागेल.