गोदीतील स्फोटाचा इतिहास कसा तपासावा : ‘फोर्ट स्टिकीन’च्या निमित्ताने

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी, शुक्रवारी दुपारी 4 वाजून 6 मिनिटांनी ‘फोर्ट स्टिकीन’ या दारूगोळावाहू जहाजाचा स्फोट झाला. त्याविषयी मराठीत जे सांगितले जाते ते बहुधा कोणीतरी टाकलेल्या विडी-सिगारेटपासून सुरू होते आणि आकाशातून पडलेल्या सोन्याच्या विटांपाशी संपते. शाळेच्या प्रकल्पासाठी, स्मरणिकेसाठी किंवा गोदीत कामाला असलेल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणी पडताळून पाहण्यासाठी ज्यांना या घटनेचा नीट अभ्यास करायचा आहे, त्यांनी सिगारेट तूर्त बाजूला ठेवावी. बंदरात ठिणगी रोजच पडते; त्या दिवशी ती कशावर पडली आणि त्या मालाच्या वर काय रचलेले होते, हे आधी शोधायला हवे.

म्हणून पहिले काम कागद-पेन्सिलीचे आहे. जहाजाचा उभा छेद काढावा, मालाचे होल्ड, म्हणजे तळघरासारखे कप्पे, आखावेत आणि प्रत्येकात कोणता माल कोणत्या थरात होता ते भरावे. या जहाजावर सुमारे 1,395 टन युद्धसाहित्य होते, त्यांत तोफगोळे, पाणतीर, सुरुंग आणि 238 टन अतिसंवेदनशील स्फोटके होती. शिवाय कापसाच्या हजारो गासड्या, वंगणतेलाची पिंपे, लाकूड, गंधक, राळ, भंगार लोखंड आणि मासळीचे खत. आता दुसऱ्या क्रमांकाचा होल्ड मोठा करून काढावा : तळाशी कापूस, त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटके. मी हे चित्र पहिल्यांदा आलेखकागदावर काढले आणि त्यात वरून पाण्याचा पाइप सोडलेला दाखवला, तेव्हा हातातली पेन्सिल थबकली. होल्डमध्ये ओतलेले पाणी तळाशी साचते आणि साचलेल्या पाण्यावर गासड्या तरंगून वर येतात. त्या दुपारी सुमारे 900 टन पाणी आत गेले, म्हणजे आग विझवण्यासाठी जे केले जात होते त्यानेच जळता कापूस स्फोटकांच्या जवळ नेला. हे पानभर वर्णन वाचूनही जितके कळत नाही तितके दोन रेघांत कळते.

यानंतर जहाजाचा प्रवास बंदरागणिक लिहून काढावा. जहाज 24 फेब्रुवारी 1944 रोजी इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले, कराचीत काही माल उतरवून 12 एप्रिलला मुंबईत पोहोचले. कापूस चढला तो कराचीत. युद्धकाळात जहाजांची एवढी टंचाई होती की रिकामी झालेली जागा रिकामीच ठेवणे कोणाला परवडत नसे, त्यामुळे दारूगोळ्याच्या शेजारी कापूस घेण्यास कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांची हरकत असूनही तो त्यांना घ्यावा लागला. दुर्घटनेचे मूळ मुंबईत शोधणाऱ्याच्या हाती हा धागा लागत नाही.

मग घड्याळाचा तक्ता करावा. त्यात चार रकाने असावेत : वेळ, काय दिसले, ते कोणाला कळले, आणि आदेश देण्याचा अधिकार कोणाला होता. जहाज गोदीत लागून दोन दिवस झाले तरी स्फोटके आतच होती, ही या तक्त्यातली पहिली नोंद. दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात आली, 3 वाजून 50 मिनिटांनी जहाज सोडण्याचा आदेश निघाला, 4.06 ला पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. मधल्या काळात जहाजाच्या एका बाजूचा पत्रा इतका तापला की वरच्या रंगाला फोड आले. आग आत नेमकी कुठे आहे हे सांगणारी ती सर्वांत स्पष्ट खूण होती. चौथा रकाना भरताना मात्र अडचण येते. जहाजावर कप्तानाचा अधिकार, आगीवर अग्निशमन दलाचा, गोदीवर गोदी प्रशासनाचा आणि स्फोटकांबद्दलचे ज्ञान लष्कराकडे. जहाज बुडवावे, गोदीबाहेर ओढून न्यावे की आहे तिथेच आग विझवावी, असे तीन परस्परविरोधी सल्ले फिरत राहिले आणि सर्वांवर चालेल असा एकही हुकूम निघाला नाही.

चौकशीत जे दोष काढले गेले ते या तक्त्यावर बसवून पाहावेत : कापसावर स्फोटके ठेवणे, धोकादायक मालाचे लाल निशाण न लावणे, स्फोटके उतरवण्यास विलंब, आग कोंडण्यासाठी वाफेचा वापर न करणे आणि अग्निशमन दलाला उशिरा कळवणे. वाफेविषयी एक सावधगिरी हवी. कापसाच्या आगीचा श्वास वाफेने कोंडता येतो, पण 1947 मध्ये अमेरिकेत टेक्सस सिटी बंदरात अमोनियम नायट्रेटने भरलेल्या जहाजावर वाफच सोडली होती आणि तिचा उपयोग झाला नाही, कारण त्या रसायनात प्राणवायू मुळातच असतो. म्हणून एका दुर्घटनेचा धडा दुसरीला लावण्याआधी माल तपासावा.

तुलनेसाठी दोन घटना पुरेत. कॅनडातील हॅलिफॅक्स येथे 6 डिसेंबर 1917 रोजी ‘मों-ब्लां’ हे स्फोटकांचे जहाज ‘इमो’ या जहाजाशी टकरले, पेटले आणि सुमारे वीस मिनिटांनी उडाले. त्यानेही लाल निशाण लावले नव्हते, कारण शत्रूला आयती खूण मिळू नये. निशाण न लावण्यामागे दोन्हीकडे निष्काळजीपणाच होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकेतील पोर्ट शिकागो येथे 17 जुलै 1944 रोजी खलाशी जहाजावर दारूगोळा चढवत असताना स्फोट झाला, तेव्हा मात्र आधी आगीचा इशारा मिळाला नाही. तिथे 320 माणसे गेली, त्यांत 202 कृष्णवर्णीय होते. त्यामुळे तिथला तक्ता माल चढवण्याच्या वेगापासून आणि खलाशांना न मिळालेल्या प्रशिक्षणापासून सुरू करावा लागतो.

आकड्यांच्या बाबतीत घाई करू नये. मुंबईतील बळींची संख्या वेगवेगळ्या ठिकाणी सुमारे 740 पासून 1,300 पर्यंत आढळते. आकडा लिहिताना तो अधिकृत आहे की अंदाजाचा, हे त्याच ओळीत नोंदवावे. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, हा आकडा पक्का आहे, आणि दर वर्षी 14 एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ आहे. वर्तमानपत्रे चाळताना तारखांकडेही लक्ष असावे : सेन्सॉरमुळे इथे सविस्तर बातमी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आली नाही, तर शत्रूच्या, म्हणजे जपानच्या, ताब्यातील सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी दिली. एप्रिलच्या अंकांत काही सापडले नाही, म्हणून घटना दडपली गेली एवढाच निष्कर्ष काढून थांबू नये. मेचे अंक मागवावेत.

आता राहिले सोने. जहाजावर 31 पेट्यांत 124 विटा होत्या, प्रत्येकी सुमारे 12.7 किलोची. त्यांतली एक मैलभर अंतरावरच्या एका पारशी गृहस्थांच्या घरावर पडली आणि त्यांनी ती परत केली. मशीद बंदर, डोंगरी किंवा माझगावच्या जुन्या चाळींत मुलाखतीला गेलात, तर “आमच्या शेजाऱ्यांकडेसुद्धा एक वीट पडली होती” हे वाक्य हमखास ऐकायला मिळेल. ते खोडून काढू नये आणि लगेच लिहूनही घेऊ नये. वीट किती मोठी होती असे विचारावे, छत फुटले होते का ते विचारावे, आणि मग विषय न बदलता त्या दुपारी घरातले कोण कुठे होते आणि संध्याकाळी कोण कोणत्या वाटेने परतले, हे शांतपणे विचारावे. विटेच्या गोष्टीसाठी बोलते झालेले आजोबा या प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा जास्त तपशिलाने देतात.