सिरॉसिसचा पेशंट सावरतोय का? रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

सिरॉसिस म्हणजे लिव्हरवर चट्टे पडून ते कडक होणं. हा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनच्या रिपोर्टवर ठळक छापलेला आकडा घरातले सगळे बघतात. मागच्या वेळी ३४ केपीए (कडकपणाचं एकक) होता, आता २२ आला, म्हणजे लिव्हर सुधारलं! एवढं सोपं नसतं. त्याच कागदावर बारीक अक्षरात ‘आयक्यूआर/मेडियन’ असतं, म्हणजे घेतलेली मोजमापं एकमेकांपासून किती विखुरलेली आहेत ते. ते ३० टक्क्यांच्या वर असेल किंवा मोजमापं १० पेक्षा कमी घेतली असतील, तर ठळक आकड्यावर फार विसंबू नका.

नाश्ता करून गेलात तरी आकडा चढतो. आधी किमान ३ तास पोट रिकामं हवं. कावीळ, हिपॅटायटिसचा भडका, हार्ट फेल्युअर, चालू असलेली दारू यांनीही तो फुगतो. म्हणूनच दारू सुटली किंवा हिपॅटायटिस सी बरा झाला की तो भराभर उतरतो. त्यात सूज ओसरल्याचा वाटा मोठा असतो, लिव्हरवरचे चट्टे तेवढ्या वेगाने जात नाहीत. आणि पोटात पाणी असेल तर नेहमीच्या फायब्रोस्कॅनचा हट्टच नको. मशीन सोडतं ती कंपनाची लहर पाण्यातून पुढे जात नाही, पैसे तेवढे जातात.

एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल आल्यावर पेढे वाटू नका. सिरॉसिस पुढे गेलेला असतानाही तो नॉर्मल येऊ शकतो. बघायचं ते बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप), अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि सोडियम. इथेही खाचखळगे आहेतच. अल्ब्युमिनच्या बाटल्या नुकत्याच चढवल्या असतील तर सिरॉसिस किती गंभीर ते सांगणारा चाइल्ड-प्यू स्कोअर उगाच बरा दिसतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर वाढतो आणि मेल्ड स्कोअर (रक्ताच्या आकड्यांवरून काढलेलं गंभीरपणाचं दुसरं माप) विनाकारण चढतो. हातपाय वाळलेल्या पेशंटचं क्रिएटिनिन कमीच येतं, त्यामुळे मेल्ड प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसतो. ॲडमिट असतानाच्या एका मेल्डवरून भविष्य ठरवू नका. दर काही आठवड्यांनी तो कुठे चाललाय ते पाहा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘पाणी गेलं’ या शब्दांनी. लघवीच्या गोळ्यांवर पाणी जाणं ही चांगलीच गोष्ट, पण पेशंट खरंच सावरला म्हणण्यासाठी २०२१ च्या बाव्हेनो परिषदेत लिव्हरच्या तज्ज्ञांनी ठरवलेला निकष बराच कडक आहे. आजाराचं मूळ कारण गेलेलं किंवा आटोक्यात हवं. लघवीच्या गोळ्यांशिवाय पोट कोरडं, भान हरपू नये म्हणून देतात त्या लॅक्ट्युलोजशिवाय भान शाबूत आणि रक्ताची उलटी नाही, असे किमान १२ महिने जायला हवेत. शिवाय बिलिरुबिन, आयएनआर, अल्ब्युमिन सुधारून टिकलेले हवेत. पण हे वाचून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका; त्या कमी करायच्या त्या डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने.

इतकं सगळं जमलं तरी लिव्हर कॅन्सरसाठीची दर ६ महिन्यांची सोनोग्राफी सुटत नाही.