घशातली नागीण: या चुका टाळा

नागीण म्हटलं की आपल्याला कमरेवरचा नाहीतर छातीवरचा फोडांचा पट्टाच आठवतो, ती घशातपण होते हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं आणि पहिला घोळ तिथेच होतो. घसा धरला म्हणजे पावसाळी सर्दी, मग म्हापशाच्या नाहीतर फोंड्याच्या फार्मसीतून अँटिबायोटिकची स्ट्रिप आणायची आणि चार दिवस बघायचं. अहो, हा व्हायरस आहे, कांजिण्यांचाच, नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून बसलेला, वय झालं किंवा प्रतिकारशक्ती उतरली की डोकं वर काढतो, त्याला अँटिबायोटिकने काय होणार?

ओळखायची खूण म्हणजे एकच बाजू. दुखणं एका बाजूला, कळ त्याच कानात, टॉर्च मारून बघितलं तर फोडही टाळूच्या एकाच अर्ध्या भागात. आणि ते तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो वगैरे खोटं आहे, मंतरून घेण्यात उगाच दिवस घालवू नका.

पण फोड दिसायची वाटही बघू नका. कधी ते येतच नाहीत, कधी स्वरयंत्रापाशी असतात, ईएनटीच्या दुर्बिणीशिवाय दिसत नाहीत. मेंदूतून येणाऱ्या नववी-दहावी नसेला लागण झाली की आवाज बसतो, घास अडकतो, पाणी नाकातून येतं. सातवी-आठवी सापडली तर तोंड वाकडं, चक्कर, ऐकू कमी. यातलं काही अचानक झालं तर तो मेंदूचा अटॅकही असू शकतो, तेव्हा थेट बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत.

अँटिव्हायरल गोळ्या शक्यतो पहिल्या 72 तासांत सुरू व्हाव्या लागतात. उशीर झाला म्हणून जायचंच नाही असंही करू नका, नसांवर परिणाम असेल तर डॉक्टर नंतरही देतात. किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा, डोस बदलतो. स्टिरॉइड मात्र मनाने अजिबात नको.

आणि आपली पेज! गिळताना ठसका लागतोय आणि घरचे मायेने पातळ पेज पाजतायत, ती श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ठसका असेल तर तोंडाने काही देण्याआधी डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा पातळापेक्षा घट्टसर बरं जातं, तेही ताठ बसवून, घाई न करता. सोलकढी तर राहूच दे, फोडांवर आग होते नुसती.

आवाज परत यायला महिनेही लागतात, काहींचा पूर्ण येतही नाही, म्हणून दुखायचं थांबलं तरी स्वरतंतू परत एकदा दाखवून घ्या.