सिनेमातून निघालेली कार्टून मालिका कशी पारखावी

चवथीला गोव्यात आमच्या डिचोलीच्या घरात अकरा मुलं जमतात. धाकटा पाच वर्षांचा, थोरली पंधराची. आरत्या झाल्या, जेवणं झाली, मोठी माणसं आडवी झाली की बाहेर पाऊस आणि आत अकरा जणांत एक टीव्ही. मी मराठी प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवलं, म्हणून काय लावायचं ते ठरवण्याचं काम घराने माझ्याकडे दिलंय आणि मी ते मनापासून करते. चवथीच्या आधी दोन-तीन आठवडे एकटी बसून मालिका बघते, वहीत टिपून ठेवते. त्यांत गाजलेल्या सिनेमांवरून, कॉमिक्सवरून निघालेल्या कार्टून मालिकाच जास्त, कारण मुलं नाव ओळखीचं दिसलं की तेच मागतात. त्या वहीतलं इथे सांगते.

वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न आहे. 'लिटल सिंघम' चालू होतं आणि माझ्या जावेच्या नातवाने विचारलं, "काकी, हो तोच सिंघम न्हय?" त्याने २०११चा सिनेमा बघितलेला. त्यातल्या इन्स्पेक्टरची बदली गोव्यात होते, खलनायकही इथलाच, म्हणून आमच्या मुलांना तो सिनेमा घरचा वाटतो. २०१८ साली आलेल्या मालिकेत सिंघम लहान मुलगा आहे, गाव मिरची नगर, गोवा कुठेच नाही. मी म्हटलं, नाव आणि वर्दी तीच रे, पोरगा वेगळा. त्याने दोन भाग बघितले आणि कॅरम मांडायला उठून गेला. पाच वर्षांचा मात्र जागचा हलला नाही, त्याला हवं ते त्यात होतं. मोठ्याला सिनेमातल्या बाजीराव सिंघमचा राग हवा होता, आणि तो राग कायद्याच्या चौकटीत अडकलेल्या मोठ्या माणसाचा असतो. लहान मुलाच्या अंगावर तो चढवता येत नाही.

म्हणून कुठलीही अशी मालिका लावताना आधी हेच विचारायचं: हा तोच आहे का? तोच असेल तर कशावरून? आणि नसेल तर याच्याकडे स्वतःचं काय आहे?

'तोच' म्हणजे काय हे मला दशावताराने शिकवलं. माझं माहेर पेडण्याचं. जत्रेला रात्रभर दशावतार बघत आम्ही वाढलो. लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या बोलतात. भीम कसा, शकुनी कसा हे समोरच्या म्हातारीला नटाइतकंच ठाऊक असतं, म्हणून भीम तिच्या ओळखीच्या भीमासारखा बोलला नाही की ती लगेच मान हलवते. पण तोच भीम मागच्या जत्रेला बोलला तेच परत बोलला तरी ती पदर डोक्यावर घेऊन झोपते. स्वभाव जुना हवा आणि प्रसंग नवा. कार्टून मालिकेला मी हाच नियम लावते.

नियम लावायचा कसा, ते सांगते. पहिला भाग बघून मत करू नका. पहिल्या भागात सगळे ओळख करून देण्यात गुंतलेले असतात. तीन भाग बघा: एक सुरुवातीचा, एक मधला, आणि एक असा की ज्यात मुख्य नायक जवळजवळ नाहीच. भागांची थोडक्यात माहिती वाचली की असा भाग सापडतो. सापडलाच नाही, प्रत्येक भागात नायकच येऊन सगळं सोडवतो, तर ती मालिका पोस्टरवरच्या चेहऱ्यावर जगतेय असं मी धरते.

या तिसऱ्या भागाबद्दल जरा सविस्तर सांगावंसं वाटतं. 'स्टार वॉर्स: द क्लोन वॉर्स' ही मालिका २००८ साली सुरू झाली. २००२ आणि २००५ साली आलेल्या स्टार वॉर्सच्या दोन सिनेमांच्या मधल्या युद्धकाळात ती घडते. सिनेमात क्लोन सैनिक म्हणजे पांढऱ्या चिलखतांची रांग, एकाच माणसाच्या हजारो प्रती. मालिकेने त्यांची शिरस्त्राणं काढली. चेहरा एकच, पण एकाचे केस वेगळे, एकाच्या कपाळावर गोंदण, प्रत्येकाला नाव. मूळ इंग्रजीत या सगळ्यांना डी ब्रॅडली बेकर या एकाच कलाकाराचा आवाज आहे, तरी डोळे मिटून कोण बोलतंय ते कळतं. तिसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात पाच शिकाऊ सैनिक परीक्षेत नापास होत राहतात. मोठे नायक या भागात फिरकतही नाहीत. तिथे नाइंटी-नाइन नावाचा एक क्लोन आहे, पाठीत वाकलेला, जन्मतःच व्यंग असलेला, म्हणून लढाईला न पाठवता साफसफाईला ठेवलेला. पळून जायला निघालेल्या एका मुलाला तो थांबवतो. सिनेमात या माणसाला जागा नव्हती, मालिकेने ती दिली. अशी एखादी जागा सापडली की माझ्या वहीत त्या मालिकेपुढे मोठी बरोबरची खूण पडते.

याच मालिकेतली असोका तानो. त्या दोन सिनेमांत तिचं नावही नाही. सुरुवातीच्या भागांत ती आगाऊ वाटते, आणि मी ते बघणं तिथेच सोडलं असतं. पण सात सीझन आणि १३३ भागांत ती मुलगी मोठी होत जाते, आणि २०२३मध्ये तिच्याच नावाची, खऱ्या नटांची मालिका आली. म्हणून मोठ्या मालिकेला मी पहिल्या सीझनवरून निकाल देत नाही. एक व्यवहाराची गोष्टही लक्षात ठेवा: हिचे भाग कथेच्या क्रमाने दाखवलेले नाहीत. दुसऱ्या सीझनचा १६वा भाग कथेत पहिल्या सीझनच्या आधी घडतो. मुलं गोंधळली तर दोष त्यांचा नाही, कथाक्रमाची यादी शोधून तशी लावा. आणि हिच्यात माणसं मरतात, ती परत येत नाहीत. नऊ-दहा वर्षांखालच्या मुलांसाठी भाग निवडून काढा.

कॉमिक्समधला खलनायक घ्या. १९९२च्या बॅटमॅन मालिकेआधी मिस्टर फ्रीझ हा बर्फाची बंदूक घेतलेला एक साधा चोर होता. मालिकेने त्याला आजारी बायको दिली, जिला बरं करता येईपर्यंत त्याने गोठवून ठेवलंय. एवढ्या एका बदलाने तो माणूस झाला आणि कॉमिक्सनेही पुढे ही गोष्ट स्वीकारली. हार्ली क्विन तर याच मालिकेत जन्मली आणि मग कॉमिक्समध्ये गेली. शाखेने झाडाला परत काही दिलं का, हे बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता भागांची संख्या. 'टेलस्पिन' मालिकेचे ६५ भाग आहेत, हा आकडा उगाच आलेला नाही. आठवड्याला पाच दिवस, १३ आठवडे, म्हणजे ६५. अमेरिकेत रोज दुपारी दाखवायच्या मालिका अशा बेताने बनायच्या. रोजची मालिका कुठूनही बघता यावी म्हणून भाग संपता संपता सगळं पूर्वीच्या जागी यायचं. अशा मालिकेत पात्र वाढत का नाही म्हणून रागावू नये, ते तिचं कामच नव्हे. तिला विचारायचं ते एवढंच: हे जग रोज परत यावंसं वाटेल इतकं भरलेलं आहे का? 'टेलस्पिन'चं होतं. १९६७च्या 'द जंगल बुक' सिनेमातला जंगलातला बलू इथे मालवाहू विमान उडवतो आणि शेरखान कोट घालून कंपनी चालवतो. कागदावर हे विचित्र वाटतं, पण बलूचा आळस आणि शेरखानचा थंड दरारा जसाच्या तसा आहे. नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर हिंदीत हे लागायचं तेव्हा वर्गातली निम्मी मुलं सोमवारी विमानंच काढायची.

तेव्हाच्याच 'डकटेल्स'कडून आणखी एक शिकले. डोनाल्ड डकचा काका अंकल स्क्रूज हा चित्रकार कार्ल बार्क्सने १९४७मध्ये कॉमिक्ससाठी निर्माण केलेला. १९८७च्या मालिकेत सगळ्यात प्रसिद्ध डोनाल्ड डकच बहुतेक नसतो. पण तो नौदलात गेला म्हणून त्याचे भाचे स्क्रूजकाकाकडे राहायला आले, हे सुरुवातीलाच सांगून टाकलंय, आणि तिथूनच गोष्ट सुरू होते. मोठं पात्र गाळलं तर का गाळलं ते मालिकेने गोष्टीतूनच सांगावं. नुसतं गायब केलं की मुलं शेवटपर्यंत वाट बघत बसतात.

चित्र आणि आवाज तपासायची माझी रीत घरगुती आहे. एक भाग चित्र न बघता ऐकायचा. मी तो नेवऱ्या करताना स्वयंपाकघरातून ऐकते. कोण बोलतंय हे आवाजावरून कळतं का, की सगळी एकाच पट्टीत ओरडतायत? मग तोच भाग आवाज बंद करून पाच मिनिटं बघायचा. नुसतं तोंड हलतंय आणि खांदे, हात मेलेले असतील तर लगेच दिसतं. पैसे कमी असणं हा मोठा दोष मी मानत नाही, डोकं लावलेलं असलं की पुरे. बॅटमॅनच्या त्या मालिकेत पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवायचे, त्यामुळे सगळ्या शहरावर रात्र उतरून राहायची. प्रत्येक भागाचं संगीत वेगळं, वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेलं. तिचीही चित्रं जपान-कोरियातल्या वेगवेगळ्या स्टुडिओंत व्हायची, म्हणून काही भाग देखणे आणि काही ओबडधोबड आहेत. एका ओबडधोबड भागावरून सगळीला नापास करू नका.

मुलं बहुतेक हिंदीत बघतात. डबिंग फसलं असेल तर भाषा बदलून पाच मिनिटं बघा, कित्येकदा मालिका चांगली असते आणि वाक्यंच मोडकी असतात. दर भागात नवी गाडी, नवं शस्त्र येत असेल आणि पुढच्या भागात ते कुणाला आठवतही नसेल, तर बाजूला ठेवा.

शेवटची पारख माझ्या हातात नाही. मालिका दाखवली की दुसऱ्या दिवशी मी राजांगणाच्या कडेला भाजी चिरायला बसते आणि मुलं काय खेळतात ते बघते. सगळ्यांना नायकच व्हायचं असेल आणि त्यावरून भांडण लागलं, तर मालिकेने एकच माणूस दिला. गेल्या चवथीला क्लोन सैनिकांचा तो भाग दाखवला होता. सकाळी मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून सगळ्यांनी छातीवर आकडे लावले. धाकट्याला पाचच्या पुढे लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याने चार वेळा पाच लिहिला, आणि थोरलीने त्याला सांगितलं की फाइव्ह्ज नावाच्या सैनिकाच्या आकड्यातही असेच पाच आहेत. आमची नऊ वर्षांची अबोल पोर, जी कधी खेळात पुढे येत नाही, तिने केरसुणी उचलली, पाठीत वाकली आणि म्हणाली, "हांव नाइंटी-नाइन."