कुत्र्याच्या ॲलर्जीवर स्टेरॉइड चालू आहे? या चुका टाळा

रात्रभर पंजे चाटणारा, कान झटकणारा कुत्रा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या एक-दोन गोळ्या पोटात गेल्या की शांत झोपतो, आणि घरातली माणसंही बऱ्याच दिवसांनी झोपतात. या गुणामुळेच लोक दोन टोकांना जातात. काहींना 'स्टेरॉइड' ऐकूनच धडकी भरते आणि ते गोळ्या देतच नाहीत. काही जण जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर पत्ता आणतात. हाल दोन्हीकडे मुक्या जिवाचे होतात. औषध चांगलं आहे. मात्र ते खाज दाबतं, खाजेचं कारण तसंच राहतं.

खाज थांबली म्हणून गोळी एकदम बंद करणं

मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी शरीराला लागणारं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, रोज तयार करतात. बाहेरून स्टेरॉइड मिळू लागलं की त्या आपलं काम थांबवतात. कोर्स काही आठवडे चालला आणि एका दिवशी गोळी अचानक तोडली, तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. कुत्रा मलूल होतो, खाणं सोडतो, उलट्या-जुलाब होतात, कधी थेट कोसळतो. म्हणून डॉक्टर डोस उतरवत नेतात: आधी रोज, मग दिवसाआड, मग आणखी कमी. ॲलर्जीसाठी सुरुवातीचा डोस साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला ०.५ ते १ मिलिग्रॅम असतो, पण उतरवायचा कसा हे प्रत्येक कुत्र्याचं वेगळं असतं. चार-पाच दिवसांच्या कोर्सला हा धोका कमी, तरी तिथेही चिठ्ठीत लिहिलंय तसंच करा.

एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. गोळी सकाळी, खाण्यासोबत द्या.

लंगडतोय म्हणून सोबत वेदनाशामक देणं

या यादीतली मला सर्वांत जास्त काळजी वाटणारी चूक हीच. स्टेरॉइड चालू असताना मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, ॲस्पिरिन यांपैकी काहीही दिलं, तर पोटात-आतड्यात व्रण पडू शकतात, रक्तस्राव होऊ शकतो, आतडं फुटूही शकतं. माणसांच्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळ्या तर कुत्र्याला एरवीही द्यायच्या नसतात. सकाळी एका डॉक्टरांकडून खाजेचं औषध, संध्याकाळी दुसऱ्यांकडून पायदुखीचं, आणि दोघांना एकमेकांचं ठाऊक नाही, असं सहज होतं. चालू औषधांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक दवाखान्यात दाखवा. शी डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर पुढची गोळी देण्याआधी, त्याच दिवशी, दवाखाना गाठा.

'गोळी तीच, फक्त कंपनी वेगळी' असं मानणं

प्रेडनिसोलोन मिळालं नाही म्हणून दुकानदाराने डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन दिलं, तर मिलिग्रॅमचा आकडा बघून फसू नका. डेक्सामेथासोन प्रेडनिसोलोनच्या सुमारे ७ पट जहाल असतं, आणि शरीरात टिकतंही जास्त. दिवसाआड द्यायचा हिशेब त्याला लागू पडत नाही. पत्त्यावरचं औषधाचं मूळ नाव वाचा आणि बदल करण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

सारखी शू करतो म्हणून पाणी तोडणं

स्टेरॉइडवरच्या कुत्र्याला जास्त शू होते, त्यामुळे तो खूप पाणी पितो. शिकवलेला, समजदार कुत्राही मग घरात करून बसतो. त्याला रागावू नका आणि पाण्याचं भांडं उचलू नका. पाणी काढून घेतलं तरी शू होतच राहते, आणि शरीर कोरडं पडतं. त्याऐवजी झोपण्याआधी एक फेरी वाढवा. भूक मात्र वेगळी गोष्ट आहे: तो कितीही आशेने ताटाकडे बघू दे, जेवण मोजूनच द्या. अनेक महिने औषध चालू असेल, पोट सुटून लोंबू लागलं, कातडी पातळ झाली, केस विरळ झाले, तर उपचारांचा फेरविचार करायची वेळ आली आहे. दीर्घ औषधावर मूत्रसंसर्ग बाहेरून काही लक्षण न दाखवता होतो, म्हणून अधूनमधून लघवी तपासून घ्या.

घरातली खाजेची ट्यूब लावणं

गजकर्णावरच्या मिश्र मलमांमध्ये बहुधा जहाल स्टेरॉइड असतं. कुत्रा ते चाटून पोटात घेतो. शिवाय खाज ॲलर्जीची नसून डेमोडेक्स किडीची किंवा बुरशीची असेल, तर स्टेरॉइडने ती आणखी पसरते. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची तपासणी साधी आहे. गोळी किंवा मलम सुरू करण्याआधी ती करून द्या, असं डॉक्टरांना जरूर म्हणा.

गोळी चालू आहे, तरी खाज आहे?

डोस वाढवायला सांगण्याआधी अंगावर हात फिरवा. शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर खाजत असेल तर पिसवांचा संशय घ्या; काळे कण ओल्या कापसावर लालसर उतरले तर ती पिसवांची विष्ठा. कानांना किंवा पंजांच्या बेचक्यांना आंबूस वास येतोय, कातडी तेलकट झालीय, तर यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढलंय, आणि पावसाळी दमट हवेत ते फार जोमाने वाढतं. पू असलेल्या पुळ्या जिवाणूंच्या. या सगळ्यांचे इलाज वेगळे आहेत. वर्षभर, ऋतू न बघता खाज असेल तर अन्नाची ॲलर्जी तपासायला किमान ८ आठवडे ठरलेला एकच आहार द्यावा लागतो. त्या काळात एक बिस्किटही नाही. आजी-आजोबांना हे आधीच सांगून ठेवा.

दर वेळी 'एक इंजेक्शन द्या' हा आग्रहही सोडा. लांब पल्ल्याच्या स्टेरॉइडचा परिणाम काही आठवडे राहतो आणि त्रास झाला तरी ते परत काढून घेता येत नाही. खाज वारंवार उलटत असेल तर ओक्लासिटिनिबसारख्या स्टेरॉइड नसलेल्या गोळ्यांबद्दल विचारा. महाग पडतात, पण पाणी-भुकेचा हा त्रास त्यांत सहसा नसतो. आणि नसबंदी किंवा कुठलीही शस्त्रक्रिया ठरली असेल, तर मागच्या काही महिन्यांत स्टेरॉइड कधी आणि किती दिवस दिलं, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा.