गाणं साधं, तरी पंखा घोंघावतोय? या चुका टाळा

नाशिकच्या गंगापूर रोडच्या एखाद्या लॉन्सवर हळद रंगात आलेली असते, मिक्सरला जोडलेला लॅपटॉप तापलेला असतो आणि ऐन वेळी गाणं अडखळतं. दुसऱ्या दिवशी साउंडवाले एमजी रोडला जाऊन रॅम वाढवून आणतात. पैसे गेले, दुखणं तसंच. एमपी3 वाजवायला गेल्या दहा-बारा वर्षांतल्या कुठल्याही प्रोसेसरला जेमतेम एक-दोन टक्के ताकद लागते. प्लेयर त्याहून बरंच जास्त खात असेल, तर तो गाणं वाजवण्याखेरीज भलतंच काहीतरी करतोय.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘डिटेल्स’ टॅबमध्ये प्लेयरची ओळ बघा. ‘बाराच टक्के तर आहेत’ म्हणून सोडून देऊ नका. हा आकडा सगळ्या थ्रेडचा (प्रोसेसरच्या एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगांचा) मिळून असतो. आठ थ्रेडच्या प्रोसेसरवर 12-13 ला खिळलेला आकडा म्हणजे एक अख्खा थ्रेड जाम झालाय. चार थ्रेड असतील तर तोच 25 दिसेल. आता गाणं पॉज करा. आकडा उतरला, तर दोष डीएसपीचा (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या फिल्टरचा) किंवा पडद्यावर गाण्याबरोबर नाचणाऱ्या पट्ट्यांचा. गाणं चालू असताना विंडो मिनिमाइज केल्यावर उतरला, तर पट्ट्याच. व्हीएलसीत ऑडिओ मेनूतून व्हिज्युअलायझेशन्स डिसेबल करा. पॉज करूनही ढिम्म हलला नाही, तर लायब्ररीकडे, म्हणजे प्लेयरने बनवलेल्या गाण्यांच्या यादीकडे वळा.

बहुतेकांची गाडी तिथेच अडते. हौसेने अख्खी डी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्स फोल्डर ‘वॉच’वर (नव्या फाइलींसाठी सतत नजर ठेवायला) लावलेलं असतं, ब्राउझरने काहीही उतरवलं की प्लेयर पुन्हा चाळायला बसतो. गाण्यांचं एकच स्वतंत्र फोल्डर द्या. पेनड्राइव्हवरून अर्धवट कॉपी झालेली एखादी फाइलही स्कॅनच्या घशात अडकते. ती शोधायला रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयू टॅबमध्ये प्लेयरसमोर टिक करा, खाली ‘असोसिएटेड हँडल्स’मध्ये उघड्या फाइली दिसतात. गाणं बंद असूनही पाच मिनिटांनी तेच नाव तिथे असेल, तर ती फाइल फोल्डरबाहेर काढा.

कव्हरचं चित्र कुणाच्या ध्यानातच येत नाही. सीडीचं 12 सेंटिमीटरचं कव्हर 600 डीपीआयला स्कॅन केलं की बाजू 2800 पिक्सेलच्या वर जाते आणि उघडल्यावर ते मेमरीत सुमारे 30 एमबी घेतं. प्रत्येक गाण्यात तेच चिकटवलेलं असेल, तर यादी सरकवताना प्रोसेसर धापा टाकणारच. 600 बाय 600 पुरे. दीड एमबीच्या आत काम होतं.

रीसॅम्पलर (आवाजाचे दर सेकंदाचे नमुने बदलणारा फिल्टर) 192 किलोहर्ट्झवर ठेवण्याची फॅशन आहे. मूळ गाणं 44.1 चं, म्हणजे नमुने चौपटीहून जास्त, आणि रेकॉर्डिंगमध्ये जे नाही, ते त्यातून ऐकू येत नाहीच. फूबार2000 मध्ये डीएसपी मॅनेजरची यादी रिकामी करून ऐका. आवाज तुटत असेल तर बफर (आधीच तयार ठेवलेला आवाजाचा साठा) एक सेकंदापर्यंत वाढवा; नुसती गाणी वाजवायला तेवढा उशीर चालतो.

प्लेयर काढून पुन्हा टाकणं बहुधा फुकट जातं, कारण बऱ्याच प्लेयरची सेटिंग्ज ॲपडेटा फोल्डरमध्ये तशीच राहतात आणि दोषही त्यांच्याबरोबर परत येतो. त्या फोल्डरचं नाव बदलून प्लेयर सुरू करून बघा.

आणि नाशिकच्या मे महिन्यात लॅपटॉप स्टेजवरच्या मखमली कापडावर ठेवू नका. तळाच्या जाळ्या झाकल्या की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये, लोड असतानाही, स्पीडचा आकडा बेस स्पीडच्या खूप खाली दिसला की प्लेयरला हात लावायच्या आधी खाली दोन लाकडी पट्ट्या सरकवा.