गिटार ॲम्पच्या प्रीसेटच्या प्रती एकमेकांशी जोडण्याची रीत
नागपूरच्या रेशीमबागेतील सुरेश भट सभागृहात वाजवताना ॲम्पचा (गिटारच्या ॲम्प्लिफायरचा) ट्रेबल, म्हणजे उंच स्वरांची पातळी, थोडा उतरवावा लागला, तर तोच बदल प्रत्येक गाण्यासाठी केलेल्या प्रीसेटच्या (जतन केलेल्या ध्वनी-मांडणीच्या) प्रतीत पुन्हा करत बसणे कंटाळवाणे असते, कारण बहुतेक उपकरणांत प्रीसेटची नक्कल केली की ती मूळ प्रीसेटपासून कायमची सुटी होते.

ॲक्स-एफएक्स ३ या गिटार प्रोसेसरमध्ये यावर ग्लोबल ब्लॉक (अनेक प्रीसेटमध्ये सामायिक असलेला घटक) हा थेट उपाय आहे: ॲम्पचा ब्लॉक ग्लोबल म्हणून साठवून प्रत्येक प्रीसेटमधील ॲम्प त्याला जोडावा. मात्र त्याआधी सर्व प्रीसेटचा बॅकअप घ्यावा, कारण नको असलेला बदलही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोहोचतो.

हेलिक्स फ्लोअर या दुसऱ्या गिटार प्रोसेसरवर, माझ्या मते, प्रती करूच नयेत. एकाच प्रीसेटमध्ये ८ स्नॅपशॉट (त्याच प्रीसेटच्या सेटिंगच्या वेगवेगळ्या नोंदी) मिळतात, आणि जे पॅरामीटर स्नॅपशॉटला नेमलेले नाही ते सर्व स्नॅपशॉटमध्ये समान राहते. म्हणून ट्रेबल, बास आणि मिड तसेच ठेवून केवळ गेन (आवाजाची धार) किंवा चॅनल व्हॉल्यूमची नॉब दाबून फिरवावी, म्हणजे तेवढेच पॅरामीटर स्नॅपशॉटप्रमाणे बदलेल. शेवटी प्रीसेट जतन करावा.

प्रश्न फक्त सभागृहाच्या घुमण्याचा असेल, तर ग्लोबल ईक्यू (सर्व प्रीसेटना एकदम लागू होणारी स्वरपातळीची जुळवणी) पुरेसा आहे.